मिरजेचा जुना तंबोरा

मोरगावच्या मयूरेश्वरापाशी वाहणारी कऱ्हा पुढे नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंगपूरला भीमेत उतरते आणि भीमा पंढरपूरची वाट धरते. याच पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात जाड सालीचा कडू भोपळा पिकतो. तो कुणी खात नाही. वाळला की तो मिरजेला जातो आणि त्याचा तंबोरा होतो.

मिरजेत हा धंदा रुजवला तो शिकलगारांनी. हत्यारं घडवायची, त्यांना धार लावायची, हे त्यांचं पिढीजात काम. इंग्रजी अमलात तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. पटवर्धनांच्या संस्थानात मात्र गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथेच शिकवत आणि विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडेच तयार झाले. त्याच्याही आधी, 1850च्या सुमारास, फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं गवयांची बिघडलेली वाद्यं हाती घेतली, अशी हकिकत कारागिरांच्या घराण्यांत सांगतात. खोलून, जोडून, पुन्हा वाजती करता करता त्यांनी स्वतःचा तंबोरा घडवला. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं.

दुरुस्तीतून जन्मलेल्या या गावात जुन्या वाद्याची कदर असणारच.

भोपळा भिजवून कापतात, आतला गर-बिया काढतात, मग त्यावर तुणाच्या लाकडाची तबली आणि पोकळ दांडी बसते. लाकूड वर्षानुवर्षं वाळत, कंप पावत राहतं, आणि त्यानं आवाज मोकळा होतो, अशी गवयांची खात्री आहे. अमेरिकेत जाझ वाजवणारे गिब्सन कंपनीच्या 1922 साली आलेल्या एल-5 या पोकळ अंगाच्या गिटारचे जुने नग शोधत फिरतात, तेही याच श्रद्धेनं.

म्हणून जुना तंबोरा घेताना उडालेल्या पॉलिशकडे किंवा हात लागून गुळगुळीत झालेल्या कडांकडे पाहून नाक मुरडू नये. पाहायचं ते दुसरंच. दांडी वाकली आहे का? भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो सांधा ढिला आहे का? तबली दबली आहे का? भोपळ्याची बारीक चीर बुजवता येते. वाकलेली दांडी मात्र कारागिरालाही जड जाते.

खरी कसोटी जवारीची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा इतक्या हलक्या उतारानं घासतात, की छेडलेली तार त्याला पुसटशी स्पर्शत राहते आणि सूर फुलत जातो. तारेखाली दोरा सरकवून तो फुलोरा नेमका पकडायचा. तारेच्या घर्षणानं माथ्यावर चर पडतात, सूर बसतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. मिरजेला घर मानणारे अब्दुल करीम खाँ यांचा या कामात स्वतःचा हात चालायचा. वाद्यदुरुस्ती त्यांना उत्तम येत असे. 1937 साली ते गेले. त्यांची कबर मिरजेतच, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात तिथे दरवर्षी गाण्याची मैफल भरते.

हस्तिदंताची घोडी आता कायद्यानं बंद आहे, त्यामुळे उंटाचं हाड, लाकूड किंवा प्लास्टिक वापरतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. जवारी काढणाऱ्या कानांची पुढची पिढी घडवण्याचं काम मात्र कारागिरांच्या घरांनाच करावं लागणार आहे, आणि त्यासाठी त्यांच्याकडे जुने तंबोरे दुरुस्तीला येत राहायला हवेत.