नवव्या पातळीचा मंत्र निवडताना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती पात्रे वठवीत, फासे टाकीत खेळावयाचा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. त्याच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) मांत्रिक सतराव्या पायरीवर पोहोचला, की सर्वोच्च म्हणजे नवव्या पातळीचे दोन मंत्र पोथीत उतरवू शकतो. मात्र दिवसाकाठी या पातळीचा मंत्र एकदाच योजता येतो. विसाव्या, अखेरच्या पायरीवरही हे बंधन सुटत नाही.

औसा येथील किल्ल्यासारखा खंदक व दुहेरी तटबंदीचा भुईकोट सर करावयाचा आहे, असे समजू. 'मिटिऑर स्वॉर्म' मैलभर अंतरावरून चार ठिकाणी उल्का कोसळवितो; त्यात आतले ओलीसही होरपळतात. 'टाइम स्टॉप' दोन ते पाच खेळींची उसंत देतो. मात्र दुसऱ्या कोणावर परिणाम करणारी कृती होताच तो संपतो. 'फोरसाइट'मुळे एका साथीदारास आठ तास, हल्ला वा बचाव करताना, दोन फासे टाकून सरस तो घेता येतो. 'विश' आठव्या पातळीपर्यंतच्या कोणत्याही मंत्राचे काम करतो. त्यापलीकडचे मागणे मागितल्यास तो कायमचा गमावण्याची शक्यता ३३ टक्के असते.

म्हणून पहिला मंत्र 'विश' आणि दुसरा आपल्या चमूची उणीव भरून काढणारा, ही निवड श्रेयस्कर ठरते.