साता समुद्रापलीकडची पंगत

गेल्या उन्हाळ्यात सहा आठवडे लंडनला ग्रंथालयात काम करून मी परत आलो. कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीत पहिला प्रश्न आला, "खाण्याचे फार हाल झाले असतील, नाही का?" घरी आईने विचारले, "जेवाया कुनाच्या शेजारी बसायचास रं?" आईने दुसऱ्याच्या शेतात राबताना वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपातून चहा घेतलेला आहे. तिच्या दृष्टीने परदेशाची परीक्षा ताटात काय वाढले यावर होत नाही. ताट कुठे मांडले यावर होते.

आपल्याकडे परदेशातल्या खाण्याविषयी जे लिहिले गेले, ते बहुतेक प्राध्यापकांच्या खोलीतल्या प्रश्नाचे उत्तर आहे. समुद्र ओलांडला की जात जाते, ही पांढरपेशांची धास्ती. म. गांधी १८८८ साली विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्या मोढ वाणी जातीच्या पंचांनी त्यांना मुंबईत वाळीत टाकले. मांसाला शिवणार नाही असे आईला दिलेले वचन पाळत ते लंडनच्या रस्त्यांवर उपाशीपोटी शाकाहारी खाणावळ शोधत फिरले आणि फॅरिंगडन स्ट्रीटवर ती त्यांना सापडली. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १८९१ साली ते परतले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातले, राजकोटला जातभोजन दिले. एक बुडी, एक जेवणावळ, आणि जातीचे दार निदान काही भाऊबंदांपुरते पुन्हा उघडले.

आता दुसरा प्रवास पाहू. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरले. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत, त्यातलेच घरी पाठवायचे. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये ते आठवडाभरच राहिले. तिथले अन्न अर्धेकच्चे आणि त्यात गोमांस; ते त्यांच्या घशाखाली उतरेना. ही गोष्ट आपण लपवू नये. कबीरपंथी घरात वाढलेला हा तरुण जिभेचे संस्कार घेऊनच गेला होता. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध काय, हा प्रश्न पुढे १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी इतिहासाचा प्रश्न म्हणून हाती घेतला.

तिथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये गेले. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या खोलीत होता. ही मैत्री जन्मभर टिकली. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली, असे बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नमूद केले आहे. अमेरिकेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्याच देशात १९६० साली ग्रीन्सबरो येथे चार काळ्या विद्यार्थ्यांना दुकानातल्या जेवणाच्या टेबलावर नुसते बसून राहण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

सप्टेंबर १९१७. बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू खाणावळ त्यांना ठेवून घेणार नाही, हे ठाऊक होते. म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन दाराशी आले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही टाळले. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. न्यूयॉर्कमध्ये पारशी तरुणाबरोबर एक खोली आणि बडोद्यात पारशांच्या हातात काठ्या! धर्म तोच, समाज तोच. बदलली होती ती फक्त भूमी. या भूमीवर पाऊल टाकताच परक्या धर्माचा माणूसही जात पाळू लागतो. गोदावरीची बुडी बाबासाहेबांच्या कामाची नव्हती, कारण त्यांची जात समुद्रावर गेलीच नव्हती. ती बंदरावर त्यांची वाट पाहत होती.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. या खेपेस उपासमार खरी होती. बोर्डिंगात सकाळी पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा कप, रात्रीही जेमतेम तेच. दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की ओळखीच्याने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे, कपभर दूध प्यायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. ही भूक त्यांनी पत्करली, कारण तिच्यातून ग्रंथ आणि पदव्या मिळत होत्या. बडोद्याच्या अपमानातून काय मिळणार होते? भूक सोसता येते. पंगतीबाहेर बसणे सोसू नये, हेच पुढे महाडने सांगितले. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हते. आणि ज्या नाशकात एका बुडीने प्रायश्चित्त होत असे, तिथेच गोदेकाठी १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला.

आज आपली मुलेमुली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडन-न्यूयॉर्कला जातात. त्यांना माझे सांगणे आहे, की आईचा प्रश्न बरोबर न्या. आता जातही विमानाने प्रवास करते. खोली भाड्याने घेताना आपलाच देशबांधव आडनाव विचारतो, सामाईक स्वयंपाकघरात 'फक्त शाकाहारी' अशी अट घालतो. २०२३ साली सिअ‍ॅटल नगरपालिकेला भेदभावबंदीच्या कायद्यात जात हा शब्द घालावा लागला, तो उगीच नाही.

आईला मी सांगितले, की भोजनगृहात कुणीही कुणाच्याही शेजारी बसायचे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन् आपल्याकडची मान्सं?" त्यांची टेबले बहुतेक वेगळी असत. हे मी तिला सांगितले नाही. इथे लिहितो आहे.