रिकामी चढाई : टिकी-टाकाची कुळकथा

ज्याने कबड्डीतली रिकामी चढाई पाहिली आहे, त्याला टिकी-टाकाबद्दलची तक्रार वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गडी मध्यरेषा ओलांडतो, निदान रेषेपलीकडे पाय टाकतो आणि कुणाच्या वाटेला न जाता परत येतो. नियमात सगळे बसते, फक्त घडत काही नाही. प्रो कबड्डीने यावर सरळ उपाय केला: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद व्हायचे. फुटबॉलमध्ये अशी तिसरी चढाई नाही. एखादा संघ आपल्याच अर्ध्या मैदानात पंचवीस पास इकडून तिकडे फिरवू शकतो, आणि पंचाला त्यात बोलायला जागा नसते. मग चेंडू ताब्यात ठेवून खेळला जाणारा हा फुटबॉल रंजक की कंटाळवाणा? या वादात दोन्ही बाजू चुकीच्या वस्तूकडे बोट दाखवतात असे मला वाटते. ताबा स्वतः रंजकही नसतो आणि कंटाळवाणाही नसतो. त्यामागे धोका पत्करलेला असतो की नाही, यावर सगळे ठरते, आणि या खेळाची वंशावळ पाहिली तर ते स्पष्ट दिसते.

वंशावळ पाहायला दिल्ली ही जागा वाटते तितकी आडवाटेची नाही. २००७ आणि २००९ मध्ये भारताने नेहरू चषक जिंकला तो दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर, इंग्लिश प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या हाताखाली. हॉटन म्हणजे १९७९ साली स्वीडनच्या माल्मो संघाला युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत नेणारा माणूस. शिस्तबद्ध ४-४-२, दोन घट्ट फळ्या आणि संधी मिळाली की लांब, थेट चेंडू असा त्यांचा खाक्या. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर सीरिया होता. पहिला १-० ने जिंकला, दुसरा पेनल्टींवर. २०१२ मध्ये स्पर्धा जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गेली आणि प्रशिक्षकपदी डच विम कोव्हरमान्स आले. चेंडू जमिनीवर ठेवा, मागून बांधत न्या, हा त्यांचा आग्रह. २ सप्टेंबरला कॅमेरूनच्या दुय्यम फळीशी २-२ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर भारत ५-४ ने जिंकला. म्हणजे पाच वर्षांत एकाच शहराने दोन घराणी पाहिली आणि चषक दोन्ही घराण्यांनी दिला. त्यामुळे ‘जिंकून देते ती शैली श्रेष्ठ’ हा मुद्दा निदान दिल्लीत तरी निकालात निघतो. पुढच्याच वर्षी त्याच कोव्हरमान्स यांचा संघ सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानकडून ०-२ असा हरला, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

हे कोव्हरमान्स कोणत्या घराण्याचे? १९८८ साली युरोपियन विजेतेपद मिळवणाऱ्या डच चमूत ते होते आणि त्या चमूचे प्रशिक्षक होते रिनुस मिकेल्स. मिकेल्सपासून वर चढत गेलो की थेट ग्लासगोत पोचतो. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी तिथल्या हॅमिल्टन क्रेसेंट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे. त्या काळी फुटबॉल म्हणजे चेंडू पायाशी घेऊन मुंडी खाली घालून धावायचे आणि बाकीच्यांनी मागून रेटा द्यायचा. इंग्लंडने आठ जण पुढे लावले होते, ते याच हिशेबाने. इंग्लंडचे गडी अंगापिंडाने भारी. धक्काबुक्कीत आपला निभाव लागणार नाही हे ओळखून स्कॉटिश खेळाडूंनी चेंडू एकमेकांकडे द्यायला सुरुवात केली. सामना गोलशून्य सुटला. पासिंगच्या कुळाची आंतरराष्ट्रीय सुरुवातच ०-० ने व्हावी, याहून मोठा दाखला टीकाकारांना कुठे मिळेल! पण तो घाईने वापरू नये. १८८१ मध्ये याच स्कॉटलंडने इंग्लंडला लंडनमध्ये ६-१ असे हरवले, पुढच्या वर्षी ५-१. दणकट माणसासमोर हलक्याने केलेली ती युक्ती होती, आणि प्रत्येक पास चुकला तर अंगावर येणारा होता.

तिथून ही विद्या माणसांबरोबर फिरली. लँकेशायरचा जिमी होगन स्कॉटिश खेळाडूंच्या संगतीत ती शिकला, व्हिएन्नात आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडापेस्टच्या एमटीके क्लबात त्याने ती शिकवली. १९५३ साली हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे लोळवले, तेव्हा हंगेरीच्या गुस्ताव सेबेश यांनी श्रेय होगनला दिले. दुसरी फांदी ॲम्स्टरडॅमच्या आयाक्सची. तिथे मिकेल्स इंग्लिश प्रशिक्षक जॅक रेनल्ड्स यांच्या हाताखाली खेळले, १९६५ मध्ये स्वतः प्रशिक्षक झाले आणि पुढे बार्सिलोनाला गेले. त्यांचा शिष्य योहान क्रॉयफ १९८८ ते १९९६ बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता आणि क्रॉयफच्या संघात मधोमध उभा राहायचा पेप ग्वार्डिओला. घराणे जुने, नाव मात्र अगदी अलीकडचे. २००६ च्या विश्वचषकात स्पेनचा खेळ सांगताना आंद्रेस मोंतेस या समालोचकाने ‘टिकी-टाका’ हा शब्द गाजवला. शब्द नुसता आवाजाचा आहे, आपल्या टिकटिक-टकटकीसारखा. कौतुकाने उच्चारला तर त्यात लय ऐकू येते, वैतागून उच्चारला तर घड्याळ. खुद्द ग्वार्डिओलाला हा शब्द मुळीच आवडत नाही, कारण पास देण्यासाठी पास देणे त्याला निरर्थक वाटते.

भारतातली फांदी मात्र युरोपीय प्रशिक्षकांची वाट पाहत बसलेली नव्हती. ड्युरँड चषकाचा पहिला अंतिम सामना १८८८ मध्ये सिमल्याला दोन स्कॉटिश पलटणींत झाला, हा योगायोग मोहात पाडणारा आहे. पण त्यावरून वंशवेल काढणे म्हणजे आडनावावरून नाते जोडणे. खरा पुरावा हैदराबादचा आहे. शिक्षकी पेशातून आलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० चा ड्युरँड चषक दिल्लीत जिंकला. पुढच्याच वर्षी दिल्लीच्याच नॅशनल स्टेडियमवर त्यांच्या भारतीय संघाने मेवालालच्या गोलवर इराणला १-० ने हरवून पहिल्या आशियाई खेळांचे सुवर्णपदक घेतले. रहीम साहेब खेळाडूंसाठी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवत. चेंडू आला की लगेच पुढे. अनवाणी खेळणाऱ्यांच्या संघात बूटवाल्यांशी टक्कर टाळण्याचा तो शहाणपणाचा मार्ग होता, म्हणजे ग्लासगोचीच गरज इथे दुसऱ्या वेशात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हाच प्रशिक्षक असलेला भारत आणि होगनच्या परंपरेतला हंगेरी समोरासमोर आले. भारत १-२ असा हरला, पण ती हार मान खाली घालायला लावणारी नव्हती.

आता कंटाळ्याकडे येऊ, कारण तोही खरा आहे. २०१० मध्ये स्पेन जगज्जेता झाला तो सात सामन्यांत आठ गोल करून, आणि बाद फेरीतले चारही सामने १-० असे जिंकून. पुढे असताना स्पेन चेंडू फिरवत राही, कारण चेंडू आपल्याकडे असला की समोरचा गोल करू शकत नाही. तिथे ताबा ही ढाल झाली होती. यावर नेहमीचे उत्तर असे, की दोष गोलसमोर भिंत बांधून बसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचा. अर्धे खरे आहे. पण २०१८ मध्ये रशियाविरुद्ध आणि २०२२ मध्ये मोरोक्कोविरुद्ध स्पेनने हजाराहून जास्त पास दिले, दोन्ही वेळा पेनल्टींवर घरी गेला, आणि भिंत फोडायला लागणारा अवघड पास मारायची तयारी त्या हजारांत फार थोड्या वेळा दिसली. बाजूला दिलेला सोपा पास म्हणजेच रिकामी चढाई. फुटबॉलने असा कंटाळा पूर्वी एकदा कायद्याने हटवलाही आहे. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत जेमतेम ११५ गोल झाले. बचावपटूने गोलरक्षकाकडे चेंडू परत द्यायचा आणि त्याने तो उचलून वेळ काढायचा, हा धंदा तेव्हा जोरात होता. १९९२ पासून मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू हातात घ्यायला गोलरक्षकाला बंदी झाली.

थेट खेळाचे वकील आकडे काढतात. इंग्लंडच्या चार्ल्स रीपने १९५० पासून सामन्यांची टिपणे ठेवली आणि बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांतून होतात असे दाखवले. त्यातली खोट अशी, की फुटबॉलमधल्या बहुतेक चालीच तीन किंवा कमी पासांत संपतात. गोल त्यांतून जास्त होणारच. याहून वजनदार आक्षेप दिल्लीच्या गर्दीचा आहे. ९ ऑक्टोबर २०१७ ला सतरा वर्षांखालील विश्वचषकात जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध हेडर मारला, तेव्हा नेहरू स्टेडियम जसे उसळले तसे ते कुठल्या पासमालिकेवर उसळले असते? गोल कॉर्नरवरून आला होता आणि क्षणभरात कोलंबियाने पुन्हा आघाडी घेऊन सामना २-१ ने जिंकला. मान्य आहे, गर्दी गोलसाठी येते. पण चांगला ताबा हा गोलचा विरोधक नव्हेच. बार्सिलोनाच्या शाळेतले सर्जिओ लोबेरा यांनी २०१७-१८ मध्ये एफसी गोवाला चेंडू ताब्यात ठेवायला शिकवले, आणि त्या संघाने साखळीच्या १८ सामन्यांत ४२ गोल केले. त्याच मोसमात दिल्ली डायनामोज मिगेल आंखेल पोर्तुगाल यांच्या हाताखाली पासचाच खेळ करत आठवे आले. पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या युवा विभागातून आलेले जोसेप गोंबाऊ आले, स्थान तेच. मग क्लबच भुवनेश्वरला गेला. विचार दोन्हीकडे एका घराण्याचा होता, पण गोव्याकडे मोकळ्या जागेत घुसणारा स्ट्रायकर कोरोमिनास होता.

एक गोष्ट दूरचित्रवाणीच्या नावे लिहायला हवी. कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि या खेळातली निम्मी गंमत चेंडूपासून दूर असते: जागा रिकामी करणारा विंगर, पाठीवर माणूस घेऊन भलतीकडे पळणारा स्ट्रायकर. धावपट्टीमुळे मैदान लांब पडते म्हणून नेहरू स्टेडियमला नावे ठेवतात, पण वरच्या सज्जातून ही हालचाल अख्खी दिसते. आणि २०१९ पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्रातच सहकाऱ्याला देता येतो. त्यामुळे बचावपटू आता स्वतःच्या गोलसमोर चेंडूवर पाय ठेवून उभा राहतो, आणि समोरचे दोघे अंगावर यावेत म्हणून थांबतो. ते येतात, आणि इतका वेळ निवांत बसलेल्या सज्जातून हाक जाते: अरे, उडव की तो!