शर्करेला लावलेली खूण : एका रासायनिक युक्तीचा इतिहास

उपकरणे बदलली तरी काही प्रश्न बदलत नाहीत. शर्करा ओळखावी कशी, हा त्यांपैकी एक होय. ग्लुकोज, मॅनोज व गॅलॅक्टोज यांचे रेणुसूत्र एकच आहे. भेद आहे तो हायड्रॉक्सिल गटांच्या मांडणीचा. या शर्करांना रंग नाही, त्या सहजासहजी विद्युत्भार धारण करीत नाहीत आणि तापविल्यास बाष्प होण्यापूर्वीच करपतात. म्हणून त्यांना दुसरा रेणू खुणेदाखल जोडण्याची युक्ती निघाली. ही खूण काय दाखविते याबरोबरच ती काय लपविते, हेही येथे पाहावयाचे आहे.

युक्तीचा आरंभ एमिल फिशरपासून मानावयास हरकत नाही. फेनिलहायड्राझिन हे द्रव्य त्याने १८७५ मध्ये शोधिले आणि १८८४ मध्ये शर्करांवरील त्याची क्रिया प्रसिद्ध केली. ज्या शर्करांचा पाक स्फटिकरूप घेता घेत नसे, त्यांपासून ओसाझोनांचे पिवळे स्फटिक मिळू लागले. शर्करेचे मोकळे आल्डिहाइड अथवा कीटोन टोक ही या क्रियेची पकड होय. परंतु ग्लुकोज, मॅनोज व फ्रुक्टोज या तिन्हींचा ओसाझोन एकच निघतो, कारण पहिल्या दोन कार्बनांजवळील भेद क्रियेत पुसला जातो. फिशरने या पुसले जाण्याचाच पुरावा केला : तिन्ही शर्करांचा उरलेला भाग एकसारखा असला पाहिजे, हे त्यातून सिद्ध झाले.

पुढे रेणूंचे आयन करून त्यांचे द्रव्यमान मोजणारी पद्धती, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री, शर्करांकडे वळली. त्या काळी पदार्थाचे बाष्प होणे अपरिहार्य होते. स्वीली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वायू-क्रोमॅटोग्राफीसाठी ट्रायमिथिलसिलिल गटांचा उपयोग दाखविला. १९६४ मध्ये हाकोमोरीने सर्व मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांचे मिथिलीकरण करण्याची सुलभ रीत दिली. प्रत्येक गटामागे द्रव्यमान १४ ने वाढते. जे स्थान दुसऱ्या शर्करेशी जोडलेले असते तेथे मिथिल गट बसत नाही. ही रिकामी जागाच साखळीची जोडणी सांगते.

१९८८-८९ च्या सुमारास मोठ्या रेणूंचे आयन करण्याच्या नव्या रीती आल्या. आता गरज बाष्पाची नव्हे, विद्युत्भाराची होती. हासे व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अमिनोपिरिडीन आणि बिग व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २-अमिनोबेन्झामाइड ही द्रव्ये प्रकाशमान खुणा म्हणून योजिली होती. यांतील दुसरे जोडले असता द्रव्यमान १२० ने वाढते. १९९६ मध्ये नेवन व हार्वी यांनी गिरार-टी हा अभिकर्मक शर्करांना जोडला. तो १९३६ मध्ये कीटोनयुक्त पदार्थ वेगळे करण्यासाठी निघालेला; त्याच्या अंगी कायमचा धनभार असतो. रासायनिक कुळाने तो फिशरच्याच हायड्राझिनाचा आप्त होय. एका शतकात हेतू बदलला, पकड मात्र तीच राहिली.

अडचणही तीच राहिली. ग्लुकोज व मॅनोज यांचे द्रव्यमान १८० च. वजनाने त्यांतील भेद कळत नाही. शिवाय आम्ल परिस्थितीत खूण जोडताना सियालिक आम्लाचा दुवा गळून पडू शकतो, आणि वर्णपट वाचणाऱ्यास तो मुळी नव्हताच असे वाटते. हा धोका क्षुल्लक नव्हे. सीबीडी बेलापूरच्या शेजारी खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या प्रगत संशोधन केंद्रात, पेशींवरील शर्करांच्या विशिष्ट शाखा आणि कर्करोगाचा फुप्फुसातील प्रसार यांचा संबंध अभ्यासिला गेला आहे. तेथे शाखा ओळखण्यास राजम्यातील लेक्टिन हे प्रथिन उपयोगी पडले. ते वजन पाहत नाही, आकार ओळखते. रोगाचा अर्थ जेथे एका शाखेवर अवलंबून असतो, तेथे एकाच खुणेवर विसंबणे योग्य नव्हे.

भाषाभ्यासकास हे अपरिचित वाटू नये. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' निराळे उच्चारिले जातात, पण देवनागरीत त्यांस अक्षर एकच. केवळ लिखित पाठावरून मराठीत हा ध्वनिभेद नाही असे जो म्हणेल, तो लिपीची मर्यादा भाषेच्या माथी मारील. वर्णपट वाचणाऱ्यानेही कोणत्या खुणेने तो लिहिला गेला हे आधी विचारिले पाहिजे.