मिश्रीची डबी



रे रोड स्टेशनला मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव आहे. १९१० साली कुर्ल्याहून इथपर्यंत रेल्वे आली. भोवती गोदी, गोदामं, पलीकडे जहाजं तोडणारा दारूखाना. घाटावरून, कोकणातून माणसं हमालीला आली. मागून बायका आल्या आणि त्यांच्या गाठोड्यातून मिश्रीची डबी आली.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक करायची आणि बोटाने दातांना लावायची, ही मिश्री. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," असं बायका सांगत. खरं कारण वेगळं असे. तंबाखूने भूक मरते आणि ठणकणारा दात थोडा वेळ गप्प बसतो. दुखणं मात्र आत वाढतच राहतं.

पर्युषणात आपल्याकडे बिडी-तंबाखू सोडण्याचा नियम घेतात. मिश्रीला मात्र कुणी व्यसन म्हणतच नसे. ते तर दात घासणं! सकाळी एकदा, मग दुपारी, मग झोपताना, असं "दात घासणं" वाढत जाई.

आमच्या शेजारच्या एक मावशी भाकरी आमटीत भिजवून मऊ करत आणि मगच खात. हसताना पदर तोंडावर घेत. लग्नाच्या पंगतीला येत नसत. दात गेले की नुसते दात जात नाहीत, चार माणसांत बसणं जातं. ते दुखणं घरात कुणाला दिसत नाही, कारण बाईच्या तोंडात डोकावून पाहतो कोण?

डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून त्यांनी कर्करोग आणि त्याआधीच्या खुणांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. रे रोडपासून जवळच, परळला, १९४१ पासून टाटा रुग्णालय उभं आहे. तरी तिथवर पोचायला बऱ्याच जणांना उशीर होतो, कारण सुरुवातीचा चट्टा दुखत नाही.

१९९२ साली सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. दुकानातल्या डब्यावर कायदा चालला, पण घरच्या तव्यावर कोण चालवणार? ते काम आपलंच आहे.

म्हणून महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड उघडून नीट पाहा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तोंड पूर्वीसारखं उघडेनासं झालं, तर दुखायची वाट पाहू नका. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. सासूबाईंना, कामवाल्या ताईंनाही सोबत घेऊन जा. त्या आपणहून म्हणणार नाहीत.