घोड्यावरची मांड

श्रोतेहो, आपलं छत्रपती संभाजीनगर मलिक अंबरानं १६१० साली खडकी म्हणून वसवलं. १६२४ साली भातवडीला त्यानं मोगल-आदिलशाही फौजांना हरवलं. मराठी स्वार त्याच्या बाजूनं लढले. वेरूळच्या भोसल्यांचे शरीफजी तिथंच पडले.

हे सन आपण शिकवतो. मांड मात्र सांगायची राहते. मध्यम दौडीत टापा तीन ठेक्यांत पडतात. गुडघे आवळून बसणारा उसळतो. कंबर सैल, टाचा खाली, नजर पुढं ठेवली की स्वार घोड्याबरोबर झुलतो. लगामाला लोंबकळलं, तर घोड्याचं तोंड दुखतं. तोल मांडीत असेल, तरच हात भाल्याला मोकळा राहतो.

गुरुजी, भातवडी शिकवताना मुलांना बाकावर दोहीकडं पाय टाकून बसवा आणि हात सोडायला सांगा. लढाई त्यांना अंगानं कळेल.