माइक आपल्या हाती कसा आला?



आपल्या आया-आज्यांनी रेडिओ ऐकला; पण त्यावर काय लागायचं, हे सरकार ठरवायचं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, रेडिओच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. १९९७ मध्ये आकाशवाणी ‘प्रसार भारती’ या स्वायत्त मंडळाकडे गेली. तरी सामाजिक संस्थांना स्वतःचं केंद्र चालवायची मुभा मिळाली ती २००६ साली. त्यामुळेच आपल्या नगरात स्नेहालय संस्थेचं ‘रेडिओ नगर’ उभं राहिलं. २०२४ च्या नियमांनुसार अशा केंद्राच्या सल्लागार व कार्यक्रम समितीत निम्म्या तरी महिला हव्यात. तिथं नुसत्या सहीपुरत्या बसू नका. पाणी, दूध, मजुरी, लेकींचं शिक्षण, कशावर बोलायचं ते सांगा. आपल्या गटातून कोण जाणार, हे येत्या बैठकीतच ठरवा.